नावं घालणाऱ्या मावशी

माईक हातात आला की मावशी आधी त्याच्यावर तळहात ठेवायच्या, समोर बसलेल्या बायकांवरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "कोन ऱ्हायलं?"

माईकवर असा हात ठेवला की स्पीकरचा बॉक्स शिट्टी मारतो. हे मी त्यांना बावीस वर्षं सांगत होतो. त्यांचं म्हणणं, घरातली नावं घरातच विचारावीत, मांडवाबाहेर कशाला ऐकू जायला पाहिजेत? म्हणून माईक झाकायचा. परिणामी प्रश्न कुणालाच ऐकू जायचा नाही आणि शिट्टी सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

मी साउंडवाला. गाव उमरी, दुकान नांदेडला. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणूक, काहीही असो, बॉक्स आणि माईक माझे. मावशी उमरीच्याच, आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्या हळदीची गाणी म्हणायच्या आणि तेवढंच करायच्या. पण बिलोलीपासून उदगीरपर्यंत हळद म्हटली की पहिलं नाव त्यांचं निघायचं. लग्नाची तारीख मावशींची तारीख बघून धरणारी घरं मला माहीत आहेत. भटजी एकाला दुसरा मिळतो, असं ते लोक उघड म्हणायचे, भटजींच्या समोर.

तुम्हीही हळदीला बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की या गाण्यांत चाल एकच असते आणि नावं बदलतात. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

हळद लाविली, हळद लाविली, कुण्या गावच्या आत्यानं
हळद लाविली, हळद लाविली, लोह्याच्या कमल आत्यानं

मग पुढची आत्या, मग माम्या, मावश्या, चुलत्या, आणि पुरुषांत एकटा मामा. ज्या बाईचं नाव गाण्यात आलं तिचा मान झाला. ज्या बाईचं राहिलं ती जेवायला थांबत नाही, आणि तिचा नवरा पुढच्या तीन लग्नांना येत नाही. आमच्याकडे भाऊबंदकीत फूट पडायला जमीन लागतेच असं नाही.

मावशींच्या हातून एकही नाव कधी राहिलं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शंभर-सव्वाशे नावं त्या सकाळी ऐकायच्या आणि दुपारी म्हणायच्या. एकदा मी विचारलं, एवढं ध्यानात कसं राहतं? त्या म्हणाल्या, "मानसं इसरतेत जी. गावं न्हाई इसरत."

त्यांचे मालक एसटीत कंडक्टर होते. लग्नानंतर पहिली काही वर्षं संध्याकाळी घरी आले की ते दिवसभराचे थांबे सांगायचे. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचं. मावशींना उमरी, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर हे असं पाठ झालं की झोपेतही सुटेना. मालक लवकर गेले, थांबे राहिले. मावशींनी त्या थांब्यांवर नातेवाईक बसवले. लोह्याला कमल, अहमदपूरला शांता, चाकूरला दुसरी कमल. म्हणून त्यांचं गाणं वयानं किंवा मानानं चालायचं नाही, एसटीनं चालायचं. सगळ्यात थोरली आत्या जर लातूरला दिली असेल, तर तिला लातूर येईपर्यंत थांबावं लागायचं. आणि मध्येच माईक बंद पडला, तर मावशी गाणं तिथून उचलायच्या नाहीत. पुन्हा पहिल्या थांब्यापासून निघायच्या.

ज्या गावाला एसटीच जात नाही, तिथल्या बायका शेवटी. मुखेडकडच्या एका म्हाताऱ्यानं यावरून मांडवात मोठा दंगा केला. माझी बहीण शेवटी का? मावशी म्हणाल्या, "गाडी चालू करा, मी मधी घेते." पुढे त्या गावाला गाडी सुरू झाली. म्हाताऱ्यानं त्यासाठी किती अर्ज केले ते मी सांगू शकत नाही, पण पुढच्या लग्नात त्याची बहीण चौथी होती.

मला त्या "साऊंड" म्हणायच्या. अख्ख्या जिल्ह्याची नावं पाठ असलेली बाई मला धंद्याच्या नावानं हाक मारते, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. विचारलं तर म्हणाल्या, "नाव गान्यात घ्यायचं आस्तंय, साऊंड. हाक माराया धंदा पुरतो." त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याचं कारणही तेच समजा.

त्यांची एकच कॅसेट निघाली. ती कशी निघाली हे सांगायलाच हवं. कॅसेटचा जमाना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. नांदेडच्या एका दुकानदारानं त्यांना रेकॉर्डिंगला बसवलं. काचेची खोली, ढोलकीवाला, झेलायला चार बायका. मावशींनी सवयीप्रमाणे माईकवर हात ठेवला आणि विचारलं, "नावं सांगा." दुकानदार म्हणाला, कसली नावं? ही कॅसेट आहे, सगळ्यांसाठी आहे. मावशी म्हणाल्या, "सगळ्याची नावं मला कुटं ठाव हायती?" तासभर घोळ चालला. शेवटी दुकानदारानं वैतागून आपल्याच घरातली नावं दिली.

कॅसेट धो-धो चालली. ज्यांना मावशी परवडत नव्हत्या किंवा ज्यांना तारीख मिळाली नव्हती, ते कॅसेट लावायचे. पाच-सहा वर्षं दोन जिल्ह्यांतल्या नवरा-नवरींना जळकोटच्या गोदा आत्यानं हळद लावली. पुढे पुढे लोकांना वाटायला लागलं की ही काहीतरी चालच आहे, आधी गोदा आत्या म्हणायचं आणि मग आपली माणसं घ्यायची. एका घरी तर गोदा आत्याच्या नावानं खण-नारळ काढून ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. गोदा आत्या खऱ्या होत्या, जळकोटला राहायच्या, दुकानदाराच्या आत्या. त्यांना अनोळखी लग्नांतून बोलावणी यायला लागली आणि त्या जायच्याही.

"एका बाईचा मान जिल्हाभर झाला. वंगाळ काय झालं?" एवढंच मावशी म्हणाल्या. पण नंतर पुण्याहून लोक आले, मोठ्या कंपनीची माणसं आली, तरी त्या पुन्हा कधी काचेच्या खोलीत गेल्या नाहीत. "कॅशेटीला नातेवाईक नसतेत," म्हणायच्या. त्यामुळे आज मोबाईलवर त्यांचं जे काही ऐकायला मिळतं, ते सगळं त्या दुकानदाराच्या घरचं आहे.

आता माझ्या घरचं सांगतो. ते सांगायचं नसतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

मला एकच बहीण, सुनंदा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिनं कॉलेजातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, नोकरीला होता, आमच्यातला नव्हता. आमच्या अप्पांचं उमरीत भुसार दुकान. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "तिचं नाव या घरात काढायचं नाही," एवढं बोलले आणि दुकानात गेले. चोवीस वर्षं कुणी काढलं नाही. आई तिच्या आठवणीत गेली, तिनंही काढलं नाही. मी काढलं नाही, कारण अप्पांना घाबरत होतो, आणि पुढे पुढे सवय झाली. सुनंदा लातूरला आहे हे मला माहीत होतं. अप्पांना तेही माहीत नव्हतं.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं. हळद आमच्याच दारात, साउंड माझाच, गायला मावशी. आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि नावांची यादी सांगितली. शेवटी म्हणालो, "आत्या म्हणून चुलत बहिणींची नावं घ्या. कमल, शांता, चाकूरची कमल."

"लातूर?"

"लातूरला आमचं कुणी नाही, मावशी."

मावशी शेंगा फोडत होत्या. फोडत राहिल्या. "सख्ख्या आत्याबिगर हळद लागून राहिली व्हय?" एवढंच बोलल्या. मी अप्पांच्या तब्येतीचं काहीतरी सांगितलं. "बगू," त्या म्हणाल्या. मी ते होकार म्हणून घेतलं. मावशींचं 'बघू' कधीच होकार नसायचं, हे बावीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव भरला. अप्पा बॉक्सशेजारी खुर्चीत बसले. त्यांना कानानं कमी यायचं. बायकांचा गलका त्यांना ऐकू येत नसे, बॉक्स तेवढा ऐकू यायचा. मी मिक्सरवर होतो. मावशींनी माईकवर हात ठेवला, बॉक्सनं शिट्टी मारली आणि गाणं निघालं.

उमरी झालं. नांदेड झालं. लोह्याला कमल आत्या आली, बायकांनी झेलली, कमल पदर सारखा करून बसली. अहमदपूरला शांता. चाकूरला दुसरी कमल. इथं माम्यांचं गाणं लागायला हवं होतं. मावशींनी श्वास घेतला, आणि त्या माम्यांकडे वळल्या नाहीत. मला कळलं की गाडी पुढं निघाली.

मी माईकचं बटण खाली ओढलं.

हे काम मी इतक्या सफाईनं केलं की त्याचा मला क्षणभर अभिमानही वाटला. 'लातूरच्या' एवढं बॉक्समधून आलं आणि पुढचं गेलं. फक्त एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. झेलणाऱ्या बायकांसमोर माईक नसतो. तीस-पस्तीस बायकांनी, ज्यातल्या निम्म्या सुनंदाबरोबर शाळेत होत्या, ती ओळ उचलली आणि लातूरच्या सुनंदा आत्यानं म्हणून मांडव दणाणून सोडला.

अप्पांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. बॉक्स गप्प झालेला तेवढा त्यांना कळला. "काय झालं रे?" त्यांनी ओरडून विचारलं.

"वायर निघाली, अप्पा."

"मग लाव की. बाया ताटकळल्या."

मी बटण वर केलं. माईक बंद पडला की मावशी काय करायच्या ते मी वर सांगितलंच आहे. त्या पुन्हा उमरीहून निघाल्या. नांदेड. लोहा. मी अप्पांकडे बघत होतो, अप्पा माझ्या हाताकडे बघत होते, वायर पुन्हा निघू नये म्हणून. अहमदपूर. चाकूर. माझा हात बटणावर होता आणि मी तो हलवला नाही. धैर्य म्हणून नव्हे. बाप बघत होता म्हणून.

हळद लाविली, हळद लाविली, लातूरच्या सुनंदा आत्यानं

बॉक्सशेजारी बसलेल्या माणसाला ते ऐकू न येणं शक्यच नव्हतं. अप्पा उठले नाहीत. काठी आपटली नाही. माम्यांचं गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "लातूरला आस्ती का?"

"हाव."

"बरं," अप्पा म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला.

मावशी जेवून निघाल्या तेव्हा मी रिक्षापर्यंत गेलो. रागावलो होतो. रिक्षात बसताना त्याच म्हणाल्या, "तुमची वायर लई चांगली हाय, साऊंड. बरूबर जागीच निघती."

त्या वर्षी दिवाळीनंतर अप्पांनी मला विचारलं, लातूरची गाडी किती वाजता असते? मी म्हणालो, थंडी जरा कमी होऊ द्या, मग मीच घेऊन जातो. थंडी कमी व्हायच्या आत अप्पा गेले. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती करायला मला एक वाक्य पुरलं.

सुनंदा आली. चोवीस वर्षांनी दारात उभी राहिली, अप्पांच्या पायाशी बसली. माती झाल्यावर निघताना तिनं मोबाईल काढून मला एक व्हिडिओ दाखवला. आमच्याच हळदीचा होता, कुणीतरी तिला पाठवलेला. गाणं चाकूरपर्यंत आलं, मग आवाज गेला, मग नुसता बायकांचा आवाज, आणि शेवटी माझं 'वायर निघाली, अप्पा'. तेवढाच तुकडा होता.

"माझ्याच नावाला वायर कशी निघाली रे?" ती म्हणाली.

उत्तराला न थांबताच ती गेली. फोन केले, तिनं उचलले नाहीत. बाप होता तोवर बहीण नसल्याचं खापर बापावर फोडता येत होतं. आता ते माझ्यावर होतं. रात्रंदिवस एकच विचार, हिला पुन्हा घरी कसं आणायचं.

मावशींचा घसा पुढच्या उन्हाळ्यात बसला. आधी खोकला म्हणून काढा घेतला, मग नांदेडला नेलं, डॉक्टरांनी तपासलं आणि पोरांना बाहेर बोलावून सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या अंगणात बाजेवर होत्या. आवाज उरला नव्हता, नुसती फुंकर. एवढा साउंडचा धंदा माझा, पण त्या आवाजाला लावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला रडू आलं.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी मला खाली वाकायची खूण केली. कानाशी म्हणाल्या, "मला कामून सांगून राहिला? मी काय तुमची भन हाय?"

महिन्याभरात मावशी गेल्या. मातीला एवढ्या बायका आल्या की उमरीच्या स्टँडवर गाड्यांना जागा नव्हती. तिघांनी भाषणं केली. साउंड मी लावला होता. एकानं त्यांना मराठवाड्याची शान म्हटलं, दुसऱ्यानं महाराष्ट्राची, तिसऱ्याला वाढवायला जागा उरली नाही म्हणून त्यानं दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. बायकांना कळेना काय करावं. मावशींच्या समोर आजवर त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या.

आणि मग मागच्या फेब्रुवारीत सुनंदाचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न होतं. ती म्हणाली, "लातूरला ये." मी घाईघाईनं म्हणालो, साउंड घेऊन येतो, नवा सेट आहे. ती म्हणाली, "साउंड आणू नको. मामा म्हणून ये."

मी गेलो. बायको, मुलगा, सून, सगळे गेलो. हळद सकाळी दहाला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. रिकाम्या हातानं मांडवात कुठं बसायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून खांबाला टेकून उभा राहिलो. सुनंदा हळदीची वाटी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजारात मावशी येऊन गेल्या होत्या. एसटीनं. एकट्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, भावानं वायर काढली ते खरं हाय. पण दुसऱ्या बारीला ठेवली, तेबी खरं हाय. दोन्ही सांगाया आले."

एवढं सांगून ती गेली. तो अर्धा आवाज घेऊन मावशी लातूरपर्यंत गेल्या होत्या आणि मी त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा त्यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या बारीला मी बापाच्या धाकानं हात हलवला नाही, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. तेवढं त्यांनी गाळलं. मावशींनी काही गाळल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

गाणं सुरू होईना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तू म्हण, नाही तू म्हण. सगळ्यांना झेलता येत होतं, पुढे म्हणायला कुणी नव्हतं. दोघींनी सुरुवात केली आणि तिसऱ्या नावाला अडकल्या. कोण आधी, कोण मागून, यावर कुजबुज वाढली. एक म्हातारी तर रुसून उठलीच. शेवटी सुनंदानं वाटी खाली ठेवली आणि स्वतः म्हणायला लागली. तिचा आवाज चांगला नाही. लहानपणीही नव्हता. आत्या झाल्या, तिच्या सासरच्या, एकेक गावानिशी. मग मामाची पाळी आली.

मला बहीण एकच. त्यामुळे सख्खा मामा म्हणून माझं नाव उभ्या आयुष्यात कुठल्याच हळदीत आलेलं नव्हतं. पावणेदोनशे लग्नं तरी मी मिक्सरवर बसून ऐकली असतील, लोकांचे मामे ऐकले.

आणि माझं नाव चन्नबसवेश्वर आहे. उदगीरच्या पणजोबांचं ठेवलेलं. घरात बसू म्हणतात, दुकानात बसूशेठ. पूर्ण नाव चालीत बसत नाही, लग्नपत्रिकेतसुद्धा ते दुसऱ्या ओळीवर जातं. सुनंदा अडखळली. बायका थांबल्या. तिनं बसू मामा म्हटलं असतं तरी माझं पोट भरलं असतं. तिनं एकदा खांबाकडे बघितलं.

हळद लाविली, हळद लाविली, उमरीच्या चन्न
बसवेश्वर मामानं, बाई, बसवेश्वर मामानं

बायकांनी आधी पहिली ओळ झेलली, मग दुसरी. मी खांबाकडे तोंड करून रडलो, पोराबाळांदेखत. मावशी असत्या तर त्यांनी ते एका ओळीत बसवलं असतं. सुनंदाला दोन लागल्या.